कामाची पुनर्रचना करण्याआधी संस्थेचा नकाशा कसा काढावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपास, हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने, वाडीची गोदामं, इतवारीतल्या पेढ्या अशा ठिकाणी बसून मी कामाचे नकाशे काढतो. मालक, अकाउंटंट, स्टोअरकीपर आणि कधी एखादे सरकारी अधिकारी मला जे प्रश्न परत परत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्याला जिथे अडलं आहे, त्याने तिथून वाचावं.

संस्थेचं मॉडेल म्हणजे काय? ऑर्गनायझेशन चार्ट आमच्याकडे आहेच.

कोण कोणाच्या हाताखाली आहे, एवढंच चार्ट सांगतो. मॉडेलमध्ये, म्हणजे या नकाशात, आपण कोणाचं काम कोणावाचून अडतं ते पाहतो. चार्टवर स्टोअरकीपर सगळ्यात खालच्या ओळीत असतो. नकाशात मात्र उत्पादन, खरेदी, अकाउंट्स, क्वालिटी आणि बाहेरचे पुरवठादार या सगळ्यांकडून निघालेले बाण त्याच्यापाशी येऊन थांबतात. तो आठ दिवस लग्नाला गावी गेला की कारखाना का लंगडतो, याचं उत्तर त्या बाणांमध्ये असतं. पुनर्रचनेत सगळ्यात आधी हे बाण दिसायला हवेत.

आम्ही फ्लोचार्ट काढला आहे. तो पुरेसा नाही का?

फ्लोचार्ट लागतोच. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्ट मांडला, तेव्हापासून कामाच्या पायऱ्या कागदावर उतरवण्याची पद्धत सुधारतच आली आहे. आज बहुतेक ठिकाणी बीपीएमएन ही चिन्हांची भाषा वापरतात. ती २००४ मध्ये आली आणि तिची दुसरी आवृत्ती २०११ ची. प्रत्येक विभागाला चित्रात एक पट्टी असते, आणि कोणत्या कामानंतर कोणतं काम आणि ते कोणाच्या पट्टीत, हे तिच्यात फार स्वच्छ दिसतं.

पण ते काम तिथे आहेच कशाला, हे त्या चित्रातून कळत नाही.

हिंगण्यातल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात मी खरेदीचा नकाशा काढत होतो. प्रत्येक पर्चेस ऑर्डरवर तीन सह्या. तिसरी सही मालकांच्या धाकट्या भावाची, आणि ते निम्मा आठवडा बाहेरगावी. फ्लोचार्ट पाहणारा कोणीही म्हणेल, ही सही काढून टाका. मी पण तेच म्हणणार होतो. आधी फक्त प्रत्येकाला विचारलं, ही सही कशासाठी? खरेदीवाले म्हणाले, पूर्वी एकाच मालाच्या दोन ऑर्डर निघाल्या होत्या, तेव्हापासून सुरू झाली. अकाउंट्सवाले म्हणाले, नियम आहे. भाऊ स्वतः म्हणाले, "सही करताना मला कळतं कुठला माल कधी येणार. त्यावरून मी बँकेचं लिमिट सांभाळतो."

एका सहीच्या पोटात दोन उद्दिष्टं होती. दुबार ऑर्डर रोखण्याचं काम आता सॉफ्टवेअर करत होतं, तिथे सहीची गरज उरली नव्हती. पैशाची जुळवाजुळव मात्र अजून त्या सहीवरच चालायची, आणि हे त्या भावांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. सही नुसती काढली असती तर दीड-दोन महिन्यांत चेक परत जाऊ लागले असते, आणि कारण कोणाला सापडलं नसतं. आम्ही सही काढली आणि रोज संध्याकाळी सहाला निघालेल्या ऑर्डरींची यादी, रक्कम आणि देय तारखेसकट, त्यांच्या मोबाइलवर जाईल अशी सोय केली. ऑर्डर थांबायची बंद झाली आणि त्यांची माहितीही शाबूत राहिली. उद्दिष्ट तसंच ठेवून तिथे पोचण्याची वाट बदलायची, एवढ्यासाठीच मी संस्थेचा नकाशा आधी मागतो.

हे 'का' कागदावर मांडायची काही पद्धत आहे का?

आहे. टोरोंटो विद्यापीठात एरिक यू यांनी १९९५ साली आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात ती मांडली. त्यांचे मार्गदर्शक होते जॉन मायलोपूलस. पद्धतीचं नाव आय-स्टार. तिच्याच कुळातली एक भाषा २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या झेड.१५१ या मानकातही आली. प्रबंधाचा विषय थेट प्रक्रियांच्या पुनर्रचनेचाच होता, म्हणून आपल्या कामाला ती चपखल बसते.

तिच्यात दोन चित्रं असतात. पहिल्यात फक्त माणसं किंवा विभाग, आणि त्यांच्यामधली अवलंबनं: एक जण अवलंबून, दुसरा ज्याच्यावर अवलंबून तो, आणि मधोमध ती गोष्ट जिच्यासाठी अवलंबून. दुसऱ्या चित्रात एकेका माणसाच्या आत शिरायचं: त्याला काय साधायचं आहे, त्यासाठी त्याच्यापुढे कोणकोणत्या वाटा आहेत, आणि एक वाट धरली की दुसरं काय बिघडतं. वरच्या गोष्टीतली सही आणि संध्याकाळची यादी या दुसऱ्या चित्रात एकाच उद्दिष्टाखाली शेजारी-शेजारी येतात. मग निवड करणं सोपं जातं.

अवलंबनाचे चार प्रकार सांगतात. व्यवहारात त्याने काय फरक पडतो?

वाडीच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला माल दिला असं धरा. "शनिवारपर्यंत माल पुण्यात पोचव" हे उद्दिष्ट झालं. कसा पोचवायचा ते त्याने ठरवायचं. "याच गाडीने, मधे माल न उतरवता ने" ही कृती झाली. कसं करायचं तेही आपणच सांगितलं. "बिल्टी (माल घेतल्याची पावती) दे" ही वस्तू किंवा माहिती. आणि "माल नीट सांभाळून ने" हा चौथा प्रकार. त्याला पक्की मोजपट्टी नाही, दोघांनी मिळून 'एवढं पुरे' असं म्हणायचं असतं.

व्यवहारात गफलत पहिल्या दोन प्रकारांत होते. आपल्याला हवं असतं उद्दिष्ट आणि आपण लिहून देतो कृती. समोरच्याला दुसरी चांगली वाट माहीत असली तरी ती घ्यायची मोकळीक राहत नाही, आणि काम फसलं तर तो म्हणतो, मी तर तुम्ही सांगितलं तेच केलं. उलट जिथे कृतीच महत्त्वाची आहे, उदाहरणार्थ वेल्डिंगचा क्रम किंवा औषधाच्या गोदामातलं तापमान, तिथे नुसतं उद्दिष्ट सांगून मोकळं होणं धोक्याचं.

री-इंजिनीअरिंग, म्हणजे ही कामाची पुनर्रचना, शेवटी माणसं कमी करणं, असंच ना?

हा प्रश्न बहुतेक कामगार विचारतात, दबक्या आवाजात, आणि त्यांची भीती अनाठायी नाही. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलेला लेख या विषयाचा आरंभ मानतात. त्यातलं गाजलेलं उदाहरण फोर्ड कंपनीचं. उत्तर अमेरिकेत पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या त्यांच्या विभागात ५०० च्या वर माणसं होती. संगणक आणून ती ४०० वर आणावीत असा बेत होता. मग त्यांनी माझ्दा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं. तिथे हे काम पाच जण करत होते. माझ्दा लहान कंपनी होती हे धरूनही तफावत फार मोठी होती.

फोर्डमध्ये कारकून पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल या तीन कागदांवरच्या १४ बाबी जुळवत बसत. सगळा वेळ न जुळणाऱ्या कागदांत जाई. त्यांनी बिलच रद्द केलं. माल गेटवर आला की ऑर्डर संगणकावर आहे का पाहायचं. असेल तर माल घ्यायचा आणि पैसे निघायचे, नसेल तर माल परत. जुळवायच्या बाबी तीनच उरल्या: पार्टचा नंबर, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा कोड. विभागातली माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली.

शेवटचा आकडा लोकांच्या डोक्यात राहिला. मला मात्र त्याआधीचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं: त्यांनी बिलच रद्द केलं. अकाउंट्स विभाग पुरवठादाराच्या कागदावर अवलंबून होता, ते अवलंबन उचलून गेटवरच्या नोंदीवर ठेवलं. म्हणजे गेटवरचा माणूस आता फार महत्त्वाचा झाला, आणि त्याला तसं शिकवणं, तसा पगार देणं ओघानेच आलं. १९९० च्या दशकात पुष्कळ कंपन्यांनी माणसं कमी केली आणि हे दुसरं काम केलंच नाही. आपण मानवी बाजूकडे पुरेसं लक्ष दिलं नव्हतं, हे पुढे १९९६ मध्ये हॅमर यांनी स्वतःच मान्य केलं.

मी काम घेताना मालकांशी आधीच बोलून घेतो. नकाशामुळे वाचलेला वेळ कुठे वापरायचा हे ठरल्याशिवाय मी शॉप फ्लोअरवर कोणाला प्रश्न विचारत नाही. लोकांनी खरं सांगावं आणि त्याच माहितीवर त्यांची नोकरी जावी, हे मला पटत नाही.

बाहेरचे लोक, म्हणजे पुरवठादार, ग्राहक, सरकार, नकाशात घ्यायचे का?

घ्यायलाच हवेत. इतवारीतल्या कोणत्याही अकाउंटंटला जीएसटीचं विचारा. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्हाला कधी मिळतं? पुरवठादाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) दाखवलं आणि ते तुमच्या २बी मध्ये (आपोआप बनणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) उतरलं तर. १ जानेवारी २०२२ पासून हे कायद्यातच आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्याची जीएसटीआर-१ ची तारीख ११, २बी तयार होते १४ ला, आणि तुम्हाला ३बी (कर भरण्याचं रिटर्न) भरायचं २० ला. पुरवठादाराला ११ तारखेच्या पुढे उशीर झाला की तुमचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर गेलं. पैसे तुमचे अडकले, आणि चूक घडली ती गांधीबागेतल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी ऑफिसात, जिथे तुमचं काही चालत नाही. नकाशात अशा जागेला आम्ही लाल रंग देतो: अवलंबन आपलं, झळ आपल्याला, समोरच्याला काहीच नाही.

यावर तोडगा म्हणून अनेक जण बिलातली कराची रक्कम २बी मध्ये नोंद दिसेपर्यंत रोखून धरतात. आता पुरवठादारही तुमच्यावर अवलंबून झाला, तराजू सारखा झाला. पण तो पुरवठादार बुटीबोरीतला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. एका अवलंबनावरचा उपाय दुसरं अवलंबन असा ताणतो. हे दोन बाण एकाच कागदावर असले तर आधीच दिसतं, नाहीतर मार्चअखेरीला सीए दाखवतात.

विश्वास, उधारी, ओळख यांचं काय? त्या गोष्टी मॉडेलमध्ये येतात का?

त्या आल्या नाहीत तर मॉडेल आपल्याकडच्या धंद्याचं झालंच नाही, असं मी म्हणेन.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या हंगामात पहाटे जाऊन पाहा. काटोल, नरखेड, सावनेरकडून आंबिया बहाराच्या गाड्या लागलेल्या असतात. कागदावर व्यवहार सोपा आहे: शेतकरी माल आणतो, अडत्या लिलाव लावतो, व्यापारी बोली लावतो, मापाडी मोजतो, पट्टी (हिशेबाची पावती) बनते. पाच चौकोन, चार बाण.

आता अवलंबनं काढा. शेतकरी अडत्यावर लिलावापुरताच अवलंबून नसतो. बहार धरायच्या वेळी त्याने अडत्याकडून उचल घेतलेली असते. व्यापाऱ्याने पैसे पंधरा दिवसांनी दिले तरी शेतकऱ्याला गाडीभाडं आणि तोडणीची मजुरी आजच द्यायची असते, ती रोकड अडत्या देतो. उद्या माल आणू की दोन दिवस थांबू, हे शेतकरी रात्री फोन करून त्यालाच विचारतो. आणि अडत्याला शेतकऱ्याकडून काय हवं? माल दरवर्षी आपल्याच गाळ्यावर यावा. त्याचा लेखी करार कुठेही नसतो. उचल हीच त्याची हमी.

ई-नाम हा ऑनलाइन बाजार केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू केला. लिलाव पारदर्शक व्हावा, बोली लावणारे वाढावेत हा हेतू योग्यच आहे. पण अशी व्यवस्था कुठेही आणताना लिलावाचा एक बाण बदलला आणि उचल, रोकड, सल्ला हे तीन बाण तसेच राहिले, तर शेतकरी पडद्यावरचा भाव पाहील आणि माल जुन्याच गाळ्यावर उतरवेल. त्याला अडाणी ठरवून चालणार नाही. त्याच्या बाजूने त्याचा हिशेब बरोबर आहे. उचलीची जागा वेळेवर मिळणाऱ्या पीककर्जाने घेतली, रोकडीची जागा त्याच दिवशी खात्यात येणाऱ्या पैशाने, तर नवी वाट चालती होईल.

सरकारी कार्यालयात ही पद्धत चालते का?

चालते, आणि तिथे तिची गरज जास्त आहे. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम घ्या. त्याआधी नागरिक दाखल्यासाठी कार्यालयावर अवलंबून होता, पण मिळाला नाही तर त्याच्या हातात काही नव्हतं. कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत दिली, पदनिर्देशित अधिकारी नेमला, मग पहिलं अपील, दुसरं अपील आणि वर आयोग. कामाच्या पायऱ्या फारशा न बदलता अवलंबनाला कायद्याचा टेकू दिला. संस्थेच्या मॉडेलवरून केलेल्या पुनर्रचनेचा हा मला आवडणारा नमुना आहे.

मात्र अधिकाऱ्याच्या मागचे बाणही काढा. तलाठ्याचा अहवाल आल्याशिवाय दाखला निघत नसेल, तर मुदत एकाच्या गळ्यात आणि चावी दुसऱ्याच्या हातात असं होतं.

कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

सुरुवातीला कोणतंही नाही. भिंतीवर खाकी कागद, रंगीत चिकटचिठ्ठ्या, जाड मार्कर. स्क्रीनवर काढलेलं चित्र लोकांना पक्कं वाटतं, मग ते चूक दाखवायला कचरतात. चिठ्ठी कोणीही उचलून दुसरीकडे लावतो. नकाशा स्थिरावला की मग संगणकावर घ्या.

ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचा विचार आहे. आधी काय करावं?

आधी नकाशा. ईआरपी तुमच्या आजच्या सवयी पक्क्या करून टाकतो. तिसरी सही त्यात 'अप्रूव्हल लेव्हल ३' होऊन बसली की ती काढायला दर वेळी व्हेंडरला पैसे मोजावे लागतात.

सुधारणा झाली की नाही, हे कसं मोजायचं?

स्टॉपवॉच घेऊन कोणाच्या मागे उभं राहू नका. प्रत्येक टेबलावर किती कागद पडून आहेत ते मोजा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे कामी येतो: रांगेत सरासरी जितकी कामं असतात, ती म्हणजे रोज येणारी कामं गुणिले एक काम तिथे सरासरी जितके दिवस राहतं ते. समजा रोज १२ बिलं येतात आणि अकाउंट्समध्ये सरासरी ६० पडून असतात. म्हणजे एक बिल पाच दिवस थांबतं. प्रत्यक्ष हात लागतो दहा मिनिटं. उरलेला वेळ ते कोणाची तरी वाट पाहत असतं. कोणाची, ते नकाशा सांगतो. बदलानंतर महिनाभराने टेबलावरचे कागद पुन्हा मोजा.

लोक खरं सांगत नाहीत. काय करावं?

"तुम्ही हे का करता?" असं विचारलं की समोरच्याला ते आरोपासारखं वाटतं. मग उत्तर येतं, "साहेबांनी सांगितलं म्हणून." मी वेगळं विचारतो: हे आज केलं नाही, तर उद्या पहिला फोन कोणाचा येईल?

एका स्टोअरकीपरने लगेच सांगितलं, "डिस्पॅचवाला दुपारीच बोंबलत येते ना भाऊ." आणि दुसऱ्या एका रजिस्टरवर हात ठेवून तो थांबला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "याच्यासाठी तं कोणीच नाही येणार." चार वर्षं तो ते रजिस्टर रोज भरत होता. ज्या ऑडिटसाठी ते सुरू झालं, ते कधीच संपलं होतं. मी विचारलं, आधी कोणाला सांगितलं नाही का? "मले कोणी इचारलंच नाही," तो म्हणाला.

पहिली बैठक कुठे आणि कोणासोबत घ्यावी?

मालकांच्या केबिनमध्ये नको. स्टोअरमध्ये किंवा डिस्पॅचच्या टेबलापाशी घ्या, जिथे कागद आणि माल दोन्ही येतात. सहा-सात माणसं पुरतात: स्टोअर, खरेदी, उत्पादन, क्वालिटी, अकाउंट्स, डिस्पॅच, आणि गेटवरचा वॉचमन. वॉचमनला आवर्जून बोलवा. कोणती गाडी किती वेळ बाहेर उभी राहते हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मालकांनी पहिली पाच मिनिटं बोलावं, कोणाची नोकरी जाणार नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि मग बाहेर जावं. दोन तासांत भिंतीवरचा कागद भरतो. उन्हाळ्यात सकाळी आठलाच सुरू करा. मे महिन्यात अकरानंतर पत्र्याखाली बसून कोणाकडूनही विचार होत नाही.